आधी नाव वाचायचं

हे लिहून ठेवायचं नाही असं कलीमचं जवळजवळ ठरलंच होतं. लिहिण्यासारखं घडलं तरी काय, तर मंगळवारी भर दुपारी लातूरच्या भांड्यांच्या दुकानांच्या लायनीतून एक तेवीस वर्षांचा धडधाकट माणूस अनवाणी पळत सुटला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मागं कुणी लागलं नव्हतं, आग नव्हती, कुत्रं नव्हतं. आणि तो माणूस म्हणजे तोच. असलं कुणी आपल्या हातानं लिहून ठेवत नाही. पण दुसऱ्या दिवशी क्लासच्या ऑफिसात सरांनी फिजिक्सचा पेपर टाइप करायला दिला, बारा प्रश्न झाले, तेराव्याला बोटं थांबली, आणि त्यानं दुसरी फाइल उघडली. मग तसंच चालू राहिलं. अर्धं पान पेपर, चार ओळी हे. सरांच्या चपला जिन्यात वाजल्या की फाइल खाली आणि घर्षणाचे नियम वर.

अमरनाथ त्याचा अकरावीपासूनचा दोस्त. दोघंही सायन्सला होते आणि बारावीनं दोघांनाही चाळणीतून खाली पाडलं. अमरनाथ वडलांच्या, म्हणजे मडिवाळप्पांच्या भांड्याच्या दुकानात बसला आणि कलीम क्लासचे पेपर टाइप करायला लागला. टाइपिंग त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चार बोटांनीच करायचा, पण सुटला की सुटायचा, मध्येच थांबून खिडकीतून खाली बघत बसायचा, परत सुटायचा. त्या खिडकीतून दुपारी एक वाजता मेसच्या डब्यांच्या सायकली दिसायच्या. तीन-तीनशे डबे, सगळे सारखे, कुणाचा कुठला काही कळायचं नाही. कुठून कुठून पोरं आलेली, कुणी जळकोटचं, कुणी कंधारचं, आणि सगळ्यांचं जेवण एकाच आकाराच्या स्टीलमध्ये. दोन वर्षांपूर्वी मुदखेडचं एक पोरगं डबा बदलला म्हणून जिन्यात रडत बसलेलं कलीमनं पाहिलं. डब्याला रडत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं घरून छिन्नी आणली. जुन्या कानशीचं टोक घासून त्यानं ती स्वतःच केली होती. लहान हातोडीनं ठिपका ठिपका ठोकत त्या डब्यावर त्यानं पोराचं नाव टाकलं, आणि नावाखाली चार रूळ एकमेकांत शिरताना काढले. पोरगं बघत राहिलं. म्हणालं, "सर, हे आमचं जंक्शन हाय!" कलीमला कुणी सर म्हणण्याची ती पहिली वेळ. मग रांगच लागली. कंधारची स्वप्नाली आली, तिच्या डब्यावर किल्ल्याचा बुरूज आणि बुरजावर एक चिमणी. जळकोटच्या एकाला बैल पाहिजे होता, तो शेळीसारखा झाला, तरी पोरगं खूश. पैसे कुणी काढले तर कलीम हात मागं घ्यायचा. शौक हाय आपला, म्हणायचा. हे म्हणताना त्याला बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं, हे आता लिहिताना कळतंय.

अमरनाथच्या डोक्यात त्यातूनच किडा वळवळला. त्यानं नांदेडहून नाव टाकायचं मशीन आणलं. जाड पेनासारखं, मागं वायर, बटण दाबलं की टोक थरथरतं आणि स्टीलवर रेघ उमटत जाते. "तू बस हितं," म्हणाला, "टेबल देतो, पाटी लावतो. लग्नसराई हाय, पोरांचे ॲडमिशन हायेत. अक्षरावर पैसे. सगळे तुझे. मला फक्त गिऱ्हाईक आत आलं पायजे." आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांनी बोलावलं. क्लासची नवीन शाखा नांदेडला निघणार होती, ऑफिस सांभाळायला विश्वासाचा माणूस पाहिजे होता. खुर्ची, फिरता पंखा, हाताखाली दोघं. कलीमची बहीण सदफ नांदेडलाच दिलेली, राहण्याचाही प्रश्न नव्हता. सर म्हणाले, एक तारखेच्या आत सांग. अम्मी, म्हणजे जन्नतबी, तर त्याच दिवशी शेजारी सांगून आली की पोरगा ऑफिसर होतोय. कलीम दोन्हीकडं हो-हो करत राहिला. खुर्ची नको असं नव्हतं. भीती दुसरीच होती. लायनीच्या टोकाला एका दुकानात नाव टाकणारा एक माणूस बसायचा, कलीम शाळेत असल्यापासून. चिठ्ठी घ्यायचा, ट्रर्र करायचा, भांडं सरकवायचा, पुढची चिठ्ठी. मान वर नाही. पैसे वाचावेत म्हणून लोक नाव तोडून द्यायचे, आणि तो तुटकं नाव तसंच टाकायचा. त्या माणसाचाही एखादे दिवशी हा शौक असेल का? ठिपका ठोकला की छातीत जे एक बारीकसं काहीतरी उमटायचं, ते कलीमच्या आयुष्यात तेवढं एकच होतं. ते बाजारात मांडलं आणि उमटायचं बंद झालं, तर परत कुठून आणायचं?

तर मंगळवारी तो नुसतं मशीन बघायला म्हणून गेला. चपला पायरीखाली काढल्या. टेबल लोखंडी होतं, आणि मडिवाळप्पांनी जागा वाचवायला ते भिंतीच्या मांडणीला टेकवून ठेवलेलं. अमरनाथनं एक पेला पुढं केला, "टाक तुझंच नाव." कलीमनं बटण दाबलं. हातात मुंग्यांसारखं काहीतरी शिरलं, ते टेबलात गेलं, टेबलातून मांडणीत गेलं, आणि मांडणीवरची सगळी भांडी एकदम बोलायला लागली. आधी झाकणं. मग पेले. मग ताटं, एकावर एक रचलेली, दातावर दात वाजावेत तशी. पुढचं त्याला आठवत नाही. पायाखाली तापलेलं डांबर आठवतं.

कारण तो आवाज त्याला माहीत होता. सात वर्षांचा होता तेव्हा. गणपती आदल्या दिवशीच बुडाले होते, गल्लीत गुलाल तसाच पडलेला, आणि पहाटे झोपेत आधी झाकणं वाजली. त्याचे अब्बा, महेबूब, कल्हई करायचे. लोकांची तांब्या-पितळेची भांडी घरात रचून ठेवलेली असायची. झाकणं, मग पेले, मग ताटं, आणि मग सगळा ढीगच खाली आला. अम्मीनं त्याला आणि सदफला ओढत बाहेर आणलं, ऊन पडेपर्यंत सगळी गल्ली रस्त्यावर. त्यांचं घर पडलं नाही. लातुरात फार कुणाचं पडलं नाही. जे पडलं ते तिकडं, किल्लारीच्या बाजूला. पण तेव्हापासून अम्मी दोन ताटांच्या मध्ये फडकं घालून ठेवते. आजही. त्यांच्या घरात भांड्याला भांडं लागत नाही, आणि कलीमला वाटायचं सगळ्यांकडं असंच असतं.

भानावर आला तेव्हा शेजारी एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, डोक्यावरचा पदर घसरलेला, तीपण अनवाणी, आणि कमरेवर नवी कोरी घागर, किमतीची चिठ्ठी लटकत असलेली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. रिक्षावाला हॉर्न मारून मारून बाजूनं गेला.

"तुमी कुठले वो?" तिनं विचारलं.

"हितलाच. लातूरचा."

"हितं काय झालतं भूकंपात? पडलं का कुणाचं घर?"

"भांडी पडली."

बाई हसायला लागली. घागर हलेपर्यंत हसली. "मंग बराबर हाय. मी बी भांड्यालाच भेते. पोरीनं ताट पाडलं तरी मी अंगणात."

पायरीवरून अमरनाथ ओरडला, "मावशी, घागर घेऊन या परत! पळून गेलं म्हणून बिल माफ न्हाई!"

"तुज्या त्या मशीनला काडी लाव आधी," मावशी तिथूनच म्हणाली, "मगच येते."

मडिवाळप्पांनी प्लग काढला, दोघांसाठी पाणी आणलं, आणि गल्ल्यावर परत बसताना हळूच म्हणाले, "मी बी उठलो होतो. पोट आडवं आलं." त्यावर अमरनाथ हसला नाही, हे कलीमनं पाहिलं. त्यानं गुपचूप टेबल भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं आणि मध्ये पोत्याचा तुकडा कोंबला. असा दोस्त असणं म्हणजे काय, ते माणसाला रस्त्यावर अनवाणी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

बाईचं नाव शिवकांता. पडलेल्या गावांपैकीच एका गावची, आता नव्या गावात राहणारी. पोरीचं लग्न होतं. मामानं भाचीला पाच भांडी द्यायची असतात, ती घ्यायला ती एकटीच आली होती. मामा कुठंय, असं अमरनाथनं विचारलं नाही. गावाचं नाव ऐकल्यावर या लायनीत कुणी विचारत नाही. तो कागद पुढं ओढून नाव लिहायला लागला. "कैलासवासी ज्ञानोबा..."

"ते कैलासवासी काढ," शिवकांता म्हणाली.

"मावशी, लिहावं लागतंय. रीत हाय. लग्नात लोक वाचतेत."

"वाचू दे की. त्यो पोर झाली तवा बोललता, पाच भांडी माझी म्हणून. बोलला तवा जित्ता होता ना? मंग देणारा जित्ताच. लिव, ज्ञानोबा मामाकडून."

अमरनाथनं कलीमकडं पाहिलं. कलीमच्या खिशात छिन्नी होतीच, ती त्याच्या खिशात असतेच. तो पायरीवर बसला, अमरनाथनं आतून आणलेली हातोडी शेजारी ठेवली, ठोके झेलायला वाळूची पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर घागर आडवी केली, आणि हातोडी उचलायच्या आधी, का कुणास ठाऊक, त्यानं कागदावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी पार्वती हिस, ज्ञानोबा मामाकडून सप्रेम भेट." शिवकांता खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "हौ."

त्या एका हौ-नं तो कुठल्या कुठं गेला. भूकंपानंतर महिना-दीड महिना झाला असेल. अब्बांची निम्मी गिऱ्हाइकं त्याच गावांतली. ते भाता आणि हातोडा घेऊन तिकडं गेले होते, पोचे काढून द्यायला. शाळा बंद म्हणून कलीम बरोबर. पत्र्याच्या शेडसमोर ताडपत्रीवर ढिगाऱ्यातून निघालेली भांडी पसरलेली, चेपलेली, मातीनं भरलेली, आणि भोवती माणसं. अब्बांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पोरगं शाळेत जातंय ना, त्याला वाचू द्या. मग सात वर्षांच्या कलीमनं एकेक भांडं उचलून बोटानं माती पुसायची आणि नाव वाचायचं. मोठ्यानं. गर्दीतून कुणीतरी हौ म्हणायचं, पुढं यायचं, भांडं छातीशी धरायचं. कधी नाव वाचलं की कुणीच हौ म्हणायचं नाही. मग तो परत वाचायचा, त्याला वाटायचं आपलंच चुकलं, आपण नीट वाचलं नाही. तिसऱ्यांदा वाचायला लागला की अब्बा त्याच्या हातातून भांडं घ्यायचे आणि वेगळ्या बाजूला ठेवायचे. त्या बाजूचा ढीग मोठा होत गेला. शेवटी एक म्हातारी, शरणम्मा, एक बिननावाचा तांब्या धरून बसली, माझाच हाय म्हणे, पण खूण काय, तर काही नाही. शेवटी सगळेच म्हणाले, असू दे तिचाच. तर ती म्हणाली, असू दे नको, नाव टाका. अब्बांनी कलीमच्या हातात खिळा दिला. वेडीवाकडी चार अक्षरं. म्हातारीनं त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. त्याच्या आयुष्यातलं पहिलं नाव ते. आणि त्याच्या मनात ते दिवस कायम असेच राहिले होते, की अब्बांनी तिथं फुकट काम केलं, कुणाकडून काही घेतलं नाही. नावाचे पैसे घ्यायचे नसतात, हे तो तिथून घेऊन आला होता.

चार भांडी बिनचूक झाली. पाचव्यावर, ताटावर, घोळ झाला. हात आपल्या लयीत चाललेला, डोळ्यांसमोर तो बाजूचा ढीग, आणि ज्ञानोबाच्या आधी छिन्नीनं आपणहून "कै" ठोकून टाकला. ठोकलेला ठिपका परत निघत नसतो. लपवून वेल काढता आली असती, त्या अक्षराला पानं फुटायला वेळ लागला नसता. पण तो उठला आणि ताट शिवकांतापुढं धरलं. "मावशी, चुकलं. तुमी नको म्हणलतं ते पडलं. नवं ताट मी देतो." तिनं त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "चार खेपा जित्ता लिवला न्हवं," ती म्हणाली, "एकदा खरं बी लिवलं पायजेच. राहू दे. हे ताट मी माझ्याकडं ठिवते. पोरीला दुसरं कर."

सगळं झाल्यावर तिनं कनवटीचा रुमाल सोडला. कलीम हात मागं घेत म्हणाला, "नको मावशी. शौक हाय आपला." तसा तिचा चेहरा बदलला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदा ती रागावली.

"शौक तुजा. भेट माज्या भावाची. त्याच्या भांड्यावर फुकटचं नाव टाकतो व्हय?"

"तसं न्हाई, मी कुणाकडूनच..."

"ऐक. दोन वर्सं आमी वाटलेल्या ताटात जेवलो. ताटाच्या बुडाला कुठल्या लांबच्या मंडळाचं नाव. उपकार हायेत त्यांचे, मी न्हाई म्हणत न्हाई, त्यांनी दिलं म्हणून ही पोर जगली. पर जेवण झालं की खाली दुसऱ्याचं नाव दिसायचं. आता माज्या पोरीच्या ताटाला माज्या भावाचं नाव हाय, ते बी मला कुणी वाटल्यालं पायजे का?" तिनं पैसे त्याच्या मांडीवरच्या वाळूच्या पिशवीवर ठेवले, मोजलेपण नाहीत. "हात दमला न्हवं तुजा? मंग घे." आणि भांड्यांचं बोचकं घेऊन एसटी स्टँडकडं चालायला लागली. कलीम तिथंच बसून राहिला. त्याला शरम वाटायला पाहिजे होती, पण वाटत होतं ते वेगळंच. कुणीतरी आपला हात धरून नीट जागेवर ठेवावा तसं.

संध्याकाळी त्यानं अब्बांना विचारलं. स्टील आलं तशी कल्हई गेली. अब्बा आता दारात खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सलाम घेतात. म्हणाला, अब्बा, भूकंपात आपण फुकट काम केलं ना?

"कौन बोला फुकट?" अब्बा म्हणाले. "हर घर से लिया मैं. कांदा लिया, मूठभर ज्वारी लिया. एक बुढ्ढे ने आधी बिडी दिया, वो भी लिया. तू गूळ नै खाया क्या?"

"उनके पास क्या था अब्बा? तुम कैसे लिए?"

अब्बांनी रस्त्यानं जाणाऱ्या एकाचा सलाम घेतला. "इसके वास्तेच लिया. सब देनेवालेच आ रहे थे, बेटा. उनसे लेनेवाला एक भी नहीं था."

आत अम्मी ताटांमध्ये फडकी घालत होती. कलीमला तो गुळाचा खडा आठवला, त्याची चव, त्याला लागलेली माती. खाल्ला होता त्यानं. आणि मग एकामागून एक आठवत गेलं. मुदखेडच्या पोराच्या आईनं पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू. स्वप्नालीनं दिवाळीनंतर कंधारहून आणलेली कारळाची चटणी, ती तर त्यानं महिनाभर पुरवून खाल्ली. शेळीसारखा बैल मिळालेल्यानं दिलेलं पेन, ते आत्ताही खिशात होतं. फुकट कधीच नव्हतं. तो घेतच आला होता, फक्त मान्य करत नव्हता. आणि घेतल्यानं आतलं काही आटलं नव्हतं. आज पाच भांड्यांवर ठोकताना छातीत जे उमटलं, ते मांडीवर पैसे पडल्यावरही तसंच होतं. त्या टोकाच्या दुकानातल्या माणसाचं काय बिघडलं असेल, ते पैशानं नसेल बिघडलं. त्यानं मान वर करणं सोडलं, तिथं बिघडलं असेल.

शुक्रवारी त्यानं सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "भांड्यावर नावं?" म्हणाले. परत घातला. "नांदेडला मी आता कुणाला पाठवू?" मग पेपर तपासत तपासत, मान न उचलता, "माझ्या मुलीचं डिसेंबरात आहे. हातानंच टाकतोस ना?" अम्मी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एक जुनं फडकं धुऊन, घडी घालून त्याच्या पिशवीत ठेवलं, मांडीवर घ्यायला.

आणि अमरनाथ. तो पायरीवर बसून होता, दिवे लागायची वेळ, मडिवाळप्पा आत गल्ल्यावर जपमाळ ओढत.

"मशीनचं काय करू रे कलीम्या? नांदेडवाला परत घेत न्हाई."

"तू चालव. मी पायरीवर बसतो. आणि अक्षरावर पैसे नको, नावावर घेऊ. लोक नाव तोडतेत नाहीतर."

"अप्पा, ऐकलं का, आत्ताच भाव ठरवून राहिला!" अमरनाथ आत ओरडला, मग आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला वाटलं तू नांदेडला जातो. मी दुसरा माणूस बी बघितला नव्हता." तो पायरीची कपची उचकत राहिला. "आणि उद्या कंटाळलास तर? त्या टोकाच्या माणसासारखं झालं तर? मी आणलं तुला हितं. माझ्या डोक्यावर नको बाबा."

कलीमनं छिन्नी खिशातून काढली, फडक्यात गुंडाळली, आणि अमरनाथच्या हातात दिली. उद्या सकाळपर्यंत तारण म्हणून तुझ्याकडं ठेव, म्हणाला.

"वचन देतो अमऱ्या. ज्याचं नाव असंल त्याला ते आधी मोठ्यानं वाचून दाखवीन. ते हौ म्हणल्याशिवाय हातोडी उचलणार न्हाई. कितीबी गर्दी असू दे."

"आणि कुणी हौच म्हणलं न्हाई तर?"

"तर परत वाचीन," कलीम म्हणाला.